वाक्याच्या शेवटचं ‘नाही’

सोमवार, ३ फेब्रुवारी

टेबल मिळालं. खिडकीजवळचं आहे, एक पाय आखूड, त्याखाली कुणीतरी पुठ्ठ्याची घडी सरकवलीय. इतके दिवस मी या तपासणी केंद्राच्या काउंटरवर बसून बायकांची नावं, वयं, पत्ते लिहून घेत होते. आता डॉक्टरबाईंनी मला पत्रं लिहायला बसवलंय. तीन महिने बघू, म्हणाल्या. जमलं तर कायम. नाही जमलं तर काय, हे त्या बोलल्या नाहीत आणि मला विचारायचा धीर झाला नाही. काउंटरवर माझ्या जागी दुसरी मुलगी आलीसुद्धा.

आमच्याकडे बायका गाठ दाखवायला येतात. सुईने गाठीतला थोडा भाग काढून तपासतात आणि निकालाचं पत्र घरी जातं. ते पत्र मी आज पहिल्यांदा मन लावून वाचलं. ‘महोदया, आपण आमच्या केंद्रावर जो विश्वास दर्शविलात त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.’ मग केंद्र कुणी सुरू केलं, कसं वाढलं, यंत्रं कोणती. दुसऱ्या पानावर, सहीच्या जरा वर: ‘उपरोक्त नमुन्यात घातक पेशी आढळून आलेल्या नाहीत.’ म्हणून तर बायका न फोडलेलं पाकीट घेऊन जिना चढायच्या आणि काउंटरवर ठेवून म्हणायच्या, “तेवढं काय लिहिलंय ते सांगा हो.”

डॉक्टरबाईंनी पत्रावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारली. “बाई जीव मुठीत धरून बसलेली असते आणि आपण तिला इमारतीचा इतिहास ऐकवतो. जे कळावं म्हणून तिची झोप उडालीय ते पहिल्या ओळीत हवं. बाकीचं खाली. खालचं तिने वाचलंच नाही तरी चाललं पाहिजे.”

घरी आल्यावर हे सांगितलं. बाबा चहा बशीत ओतत म्हणाले, “मी तुला काय सांगायचो? कुणाचाही कागद आला की शेवटून वाच. विंचवाचा डंख शेपटीत असतो.”

घरात वाचता येणारी मी पहिली. तिसरीपासून घरमालकाचे, वीज कंपनीचे, सगळे कागद मीच मोठ्याने वाचायची. छापखान्याचा पत्तासुद्धा वाचायचे. एखादा शब्द गाळला तर खोटं बोलल्यासारखं वाटायचं. बाबा ओरडायचे, “मुद्द्याचं बोल!” आणि मला मुद्दा कोणता ते कळायचं नाही. आता हेच माझं काम झालंय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दोन दिवस एकाच ओळीत गेले. ‘तुमच्या गाठीच्या तपासणीत कर्करोग आढळला नाही.’ काउंटरवरच्या थोरल्या ताईंना वाचून दाखवली. त्या हसायला लागल्या. “कर्करोग लिहिलंस तर निम्म्या बायका राशीभविष्य समजतील. कॅन्सर म्हण की सरळ. घाबरायचं त्या शब्दाला घाबरू दे त्यांना.”

म्हणून ‘कॅन्सर’ केलं. डॉक्टरबाईंना ओळ आवडली. पत्र पोहोचायला आठवडा जातो, म्हणून तीच ओळ मोबाईलवरही पाठवायची ठरली. ज्यांचा निकाल वाईट येतो त्यांना त्या स्वतः फोन करून बोलावतात. मेसेज फक्त बाकीच्यांना. म्हणजे माझ्या हातून कुणालाही वाईट बातमी जाणारच नाही. हे ऐकून इतकं हलकं वाटलं की मी ताईंना चहा पाजला.

संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला म्हटलं, “बातमी सांगायची तुझी पद्धत चुकीची आहे. मामा गेला तेव्हा तू बाबांना आधी बसवलंस, पाणी दिलंस, मग मामाला खोकला होता म्हणालीस, मग खोकला वाढला म्हणालीस. बाबांना तर तुझ्या तोंडाकडे बघूनच कळलं होतं.”

“कळलं होतंच गं.”

“मग?”

“बसलेला माणूस पडत नाही,” आई म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

हे काही उत्तर नाही. पण आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तिला मुद्द्याला धरून बोलायची सवय नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काल दुपारी पहिला गठ्ठा गेला. डॉक्टरबाईंनी आधी स्वतःच्या मोबाईलवर पाठवून बघितला, मला दाखवला. बंद पडद्यावरसुद्धा ओळ पूर्ण दिसत होती. “बघ, फोन उघडायचीही गरज नाही,” म्हणाल्या. मी काल घरी चालत गेले, कारण बसमध्ये एका जागी बसवलं नसतं.

आज सकाळी काउंटरचा फोन वाजायचा थांबेना. पहिली बाई फक्त रडली. दुसरीचा नवरा ओरडत होता, असं मेसेजने सांगतात का, माणसं आहात की कोण. तिसरीने शांतपणे विचारलं, ऑपरेशन कधी. ताई फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, “अगं, तुझ्या ओळीचं शेपूट कुठंतरी तुटलंय.”

मला काही कळेना. शेवटी झाडझूड करणाऱ्या मावशींनी आपला मोबाईल पुढे केला, छोटा, काचेला तडा गेलेला. मी त्याच्यावर मेसेज पाठवला. पडद्यावर आधी केंद्राचं लांबलचक नाव आलं, आणि त्याच्याखाली:

तुमच्या गाठीच्या तपासणीत कॅन्सर आढळला…

तीन टिंबं. ‘नाही’ फोन उघडल्यावर. आणि एवढं वाचल्यावर फोन उघडायला हात कुणाचा चालतो?

आपल्या बोलण्यात ‘नाही’ शेवटीच येतं. मी जन्मभर हीच भाषा बोलतेय आणि मला हे दिसलं नाही. (पाहा, इथेही शेवटी.) मी सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात आधी ठेवलं, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं एकदम टोकाला राहिलं.

दिवसभर मी आणि ताई यादी घेऊन फोन करत बसलो. ताई थेट म्हणायच्या, “साधी आहे हो गाठ, साधी!” मी आधी क्षमा मागायचे, मग केंद्राचं नाव सांगायचे. एका बाईने मला मध्येच तोडलं: “ताई, मेले का जगले ते सांगा.” तेव्हापासून मीही आधी ‘साधी’ म्हणायला लागले.

सगळ्या मिळाल्या, एक सोडून. तिचा फोन बंद. मला ती बाई चांगली आठवते. गेल्या महिन्यात मीच तिचं नाव लिहून घेतलं होतं. कपडे शिवते, कॉलरला टाचण्या टोचलेल्या होत्या. एकटीच आली होती. म्हणाली होती, “पत्र घरी नको बाई. घरात कुणाला ठाऊक नाही. काय ते मोबाईलवर कळवा.”

आईने विचारलं, जेवण कमी का जातंय. म्हटलं, काम वाढलंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी डॉक्टरबाईंना लेखी खुलासा दिला. पहिल्या ओळीत लिहिलं, ‘ही चूक सर्वस्वी माझी आहे.’ दोन पानं झाली. त्यांनी पहिलीच ओळ वाचून कागद परत केला.

“यात महत्त्वाचं काय?”

“माझी चूक.”

“एक बाई कालपासून फोन उचलत नाही. ते तू दुसऱ्या पानावर लिहिलंयस. पहिली ओळ तुझ्याबद्दल कशाला?” मग जरा थांबून म्हणाल्या, “माझ्या मोठ्या फोनवर बघितलं ते मी. अर्धी चूक माझी. आता जा आणि तिला शोध. पण लक्षात ठेव, घरच्यांना काही सांगायचं नाही. तिचा निकाल तिचा आहे.”

पत्ता काढून गेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाईचं यंत्र. दार सुनेने उघडलं, कडेवर मूल. मी म्हटलं, “शिवायला टाकलेले कपडे न्यायला आलेय.”

“सासूबाई नाहीत. काल सकाळी गेल्या, अजून पत्ता नाही.”

आतून सासऱ्यांचा आवाज आला, “येईल. जाते कुठे?” ते पेपर वाचत होते. पानसुद्धा उलटलं.

सून म्हणाली, तिचा नवरा सकाळपासून दवाखाने पालथे घालतोय. “कपडे कोणते तुमचे? सगळे शिवून ठेवलेत, बघा.” यंत्राशेजारी कापडाच्या गाठोड्यांची चळत होती, प्रत्येकावर चिठ्ठी टाचलेली. एकही काम अर्धं नव्हतं. यंत्रावर आच्छादन घालून ते नीट बांधलेलं होतं. परत यायचं असेल तर माणूस सुई तशीच ठेवून जातो. इतकं आवरून कोण जातं?

“मी नंतर येते,” म्हणून निघाले. कोपऱ्यापर्यंत पोहोचले तर मागून सून, मुलाला तसंच काखोटीला मारून.

“तुम्ही आमच्याकडे कधी कपडे दिलेले नाहीत. तुमच्या अंगावरचा सदरा विकतचा आहे, खांद्यात किती सैल आहे बघा, सासूबाईंनी तो असा अंगावर ठेवू दिला नसता. खरं काय ते बोला.”

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“गाठीचं ना?” ती म्हणाली. “मला ठाऊक आहे. त्यांना वाटतं मला ठाऊक नाही. हात वर करून दोरीवर कपडे टाकताना डावा हात अडतो त्यांचा. मी तेव्हापासून कपडे मीच टाकते.”

डॉक्टरबाईंचं वाक्य माझ्या कानात होतं. तिचा निकाल तिचा आहे. पण समोर ही मूल घेऊन धावत आलेली. रस्त्याच्या मधोमध उभी राहून मी दोन शब्द बोलले, “साधी आहे.”

ती फुटपाथच्या कडेला खाली बसली. मूल तिच्या बांगडीशी खेळत राहिलं. मग म्हणाली, “मग गेल्या कुठं?”

तेव्हा मी तिला मेसेजचं सांगितलं. ती मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आता विचार येतो, मी नियम मोडला. आधी चूक केली, मग नियम मोडला. त्या बाई जिवंत असतील ना? हे वाक्य पहिलं लिहायला हवं होतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी पाण्याच्या तांब्याजवळ आईने मला धरलं. ना बसवलं, ना पाणी दिलं. एकदम म्हणाली, “नोकरी गेली का?”

मी दचकले. “नाही. तुला कुणी सांगितलं?”

“दोन दिवस भाकरीचे तुकडे मोडून ताटाच्या कडेला लावतेयस, कुणी कशाला सांगायला हवं?”

“एक बाई हरवलीय आई. माझ्यामुळे.”

निघताना आईने माझ्या पिशवीत डबा घातला आणि तिची शाल. शाल कशाला, उन्हाळा तोंडावर आलाय. तिला काही सुचलं नाही की ती काहीही पिशवीत घालते.

दुपारी सून केंद्रात आली, नवऱ्याला आणि सासऱ्यांना न सांगता. ताईंनी तिला माझ्या टेबलाशी आणून बसवलं.

“काल रात्रभर विचार केला,” ती म्हणाली. “एकच जागा आहे. त्यांची धाकटी बहीण. आमच्याकडे तिचं नाव काढत नाहीत.”

“का?”

“सासूबाईंची आई गेली तेव्हा सासूबाईंनीच बहिणीला निरोप पाठवला, ‘आई जरा आजारी आहे, येऊन जा.’ आई तर गेलेली होती. पण एकदम कसं सांगायचं, प्रवासात धक्का बसेल, म्हणून. ती बिचारी वाटेत उतरून आईसाठी संत्री घेत बसली. निवडून निवडून, गोड बघून. पोहोचली तोवर सगळं आटपलं होतं. संत्र्यांची पिशवी दारात आपटली आणि तश्शी परत गेली. म्हणाली, ‘मला कळलं असतं तर मी धावत आले असते.’ तेव्हापासून दोघींनी एकमेकींचं तोंड बघितलं नाही.”

ताई म्हणाल्या, “अगं बाई!”

सुनेकडे फोन नंबर नाही. गाव माहीत आहे, आणि बस थांब्यामागच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर राहते एवढं. “मी गेले तर घरात विचारतील कुठं गेले. तुम्ही जाल का?”

डॉक्टरबाईंकडे गेले. बहिणीचं सांगितलं, नियम मोडल्याचंही सांगितलं. या वेळी आधी बाईंचं सांगितलं आणि माझं नंतर. त्या म्हणाल्या, “ते आपण नंतर बघू. शनिवारी सुट्टी आहे, शनिवारची वाट बघू नकोस.” पण आजची शेवटची बस गेलेली होती आणि उद्या तिकडच्या गाड्या बंद. मी शनिवारचीच वाट बघणार. कशी बघणार ते ठाऊक नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

त्या जिवंत आहेत. बऱ्या आहेत.

बाकीचं आता सावकाश लिहिते.

बसमध्ये सगळा वेळ वाक्यं जुळवत होते. ‘मावशी, गाठ साधी आहे.’ की ‘साधी आहे मावशी, गाठ’? फोनवर काहीही कापलं जावो, माणसासमोर कुणी वाक्य कापत नाही, तरी मी ‘साधी’ पुढे ओढत होते. आणि त्या तिथे नसल्याच तर काय म्हणायचं, याचं वाक्य जुळतच नव्हतं. शाल पांघरून बसले होते. खिडकीची काच बंद होत नव्हती, वारा फार होता.

सायकलचं दुकान सापडलं. बाजूने लोखंडी जिना. वरून भांडणाचा आवाज येत होता.

“नाक आईचं माझ्याकडे आलंय.”

“तुझ्याकडे? आरशात बघ एकदा. ते आत्याचं नाक आहे.”

मी दारात उभी राहिले. दोघी जमिनीवर बसून मटार सोलत होत्या, मधे एकच परात. मोठीने मान वर केली आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“अगं, तू काउंटरवरची ना?” मग धाकटीला घाईने म्हणाली, “माझ्याकडे आलीय. आम्ही जरा बाहेर बोलतो.” आणि मला दंडाला धरून जिन्याच्या माथ्यावर आणलं, दार ओढून घेतलं. “न्यायला आलीस का? ऑपरेशन का आणखी काय असेल ते सोमवारनंतर ठेवा. मी येते. पळून नाही गेले.”

“साधी आहे,” मी म्हटलं. “गाठ. मावशी. साधी.”

मी त्यांना मेसेज उघडायला सांगितला. त्यांनी पिशवीच्या तळातून फोन काढला, चालू केला, एकेक अक्षर बोटाने सरकत वाचलं. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं.

“एवढंसं ‘नाही’,” त्या म्हणाल्या, “आणि तेही लपवून ठेवता होय गं?”

मी क्षमा मागायला तोंड उघडलं, पण त्या तिकडे लक्ष देत नव्हत्या. आनंदही दिसेना. दाराकडे बघत होत्या.

“हिला सांगू नकोस. निदान आज नको.”

“का?”

“हिने दार उघडलं आणि लावायलाच लागली. मग मी आधी तेच बोलले. ‘कॅन्सर आहे मला.’ नाव नाही, गाव नाही, कशी आहेस नाही. पहिलं तेच. तेव्हा तिने मला आत घेतलं.” त्यांनी पदराने फोन पुसला आणि बंद केला. “आता काय सांगू? तेही खोटं होतं म्हणून? मागचं एक खोटं तिने अजून सोडलेलं नाही.”

मी खाली जाऊन सुनेला फोन केला, सापडल्या आणि बऱ्या आहेत म्हणून. ती रडली आणि मग एवढंच म्हणाली, “जेवतायत ना?” वर आले तर धाकटी दारात वाट बघत होती.

“तुम्ही दवाखान्यातल्या,” ती मला म्हणाली. “ती मला धड सांगणार नाही, मी ओळखते तिला. तुम्ही सांगा. किती दिवस आहेत?”

मोठी मागून डोळ्यांनी नको नको करत होती. माझ्या तोंडात दोन शब्द तयार होते. पण सुनेच्या वेळी मी नियम मोडला होता, आता पुन्हा मोडायचा नाही हे मनाशी पक्कं होतं. म्हटलं, “मला सांगता येत नाही. तुम्ही त्यांनाच विचारा.”

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. “म्हणजे झालंच,” ती म्हणाली. परातीला पाय लागून मटार खोलीभर पळाले. तशी मोठी माझ्यावरच ओरडली, “बाई गं, तोंड उघडता येत नाही का तुला?”

“तुम्हीच म्हणालात ना, नको!”

“म्हणून असं तोंड करून उभं राहायचं?”

धाकटी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. “काय चाललंय तुमचं?”

“बस खाली,” मोठी म्हणाली. “बस आधी. सांगते.” मग त्या दोघी मटार वेचता वेचता बसल्या आणि मोठीने सुरुवात केली. कुठून? दिवाणावर चढून शिवलेले पडदे टांगून बघताना गाठ हाताला लागली तिथून. मग पडदे कुणाचे होते, मग ते गिऱ्हाईक पैसे द्यायला कसं कटकट करतं. मी दाराशी उभी राहून हातांची बोटं मोडत होते. सांगा ना, सांगून टाका, पहिल्या वाक्यात सांगा. मोठीने माझ्याकडे असा काही कटाक्ष टाकला की मी चपला घातल्या. शेवटची बस सुटायला थोडाच वेळ होता. खाली उतरले.

पण पाय निघेना. खिडकीखाली सायकलची जुनी चाकं ठेवली होती, त्यांच्याजवळ उभी राहिले. वरून आवाज येत होता. त्या आता केंद्रापर्यंत पोहोचल्या होत्या, माझ्यापर्यंत, मी त्यांना वय विचारलं त्याच्यापर्यंत. धाकटी एकदाही मध्ये बोलली नाही. बस आली, उभी राहिली, कंडक्टरने दोनदा घंटी मारली. मी गेले नाही. शेवट ऐकल्याशिवाय कसं जाणार?

मग मोठीचा आवाज खाली आला, इतका की मला शब्द कळेनात. मग एकदम शांत.

आणि मग धाकटीचा आवाज, अगदी स्पष्ट. “म्हणजे आता तू परत जाणार.”

मला वाटलं ती चिडली. खोटं सांगितलंस, असं काहीतरी ती पुढे म्हणेल म्हणून मी कान टवकारून राहिले. पण ती पुढे काहीच बोलली नाही.

“हळू बोल,” मोठी म्हणाली. “ती पोरगी खिडकीखाली उभी आहे.” आणि खिडकीतून डोकं बाहेर आलं. “वर ये गं. गेली ना बस तुझी?”

म्हणून मी इथे आहे. दिवे लागले आहेत. घरी कळवलंय, आई म्हणाली, “शाल आहे ना?” धाकटीने मला चहा दिला, आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही, म्हणजे रागच असावा. मोठीशी मात्र भांडतेय. आता भांडण असं आहे की घरी काय कळवायचं. सुनेला कळलंय, पण नवऱ्याला कळवलं पाहिजे, काही झालं तरी नवरा आहे. धाकटी म्हणते, आधी ‘मी बरी आहे’ सांग, माणूस काळजीत असेल. मोठी म्हणते, काळजीत असता तर बहिणीचं नाव आठवून एव्हाना इथे शोधत आला असता.

शेवटी मोठीने फोन माझ्या हातात दिला. “तू लिहिणारी ना? लिही.”

मी लिहिलं: ‘मी सुखरूप आहे. गाठ साधी निघाली. बहिणीकडे काही दिवस…’

त्यांनी वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, “खोड सगळं. लिही, राहतेय.”

“कोण, कुठे, किती दिवस? गाठ कसली हेही त्यांना माहीत नाही. त्यांना काहीच कळणार नाही, मावशी.”

“मग विचारतील,” त्या म्हणाल्या. धाकटी परातीतले मटार चाळत होती, तिने मान वर केली नाही, पण हात थांबला.

मी सगळं खोडलं, लिहिलं, पूर्णविराम दिला आणि पाठवलं. कुठल्याही फोनवर पूर्ण दिसेल:

राहतेय.